घरचेच मार्क

१४ जून १९९१, जळगाव
बारावीचा निकाल. रतिलालच्या दुसऱ्या खेपेची मेहनत (खरं तर माझी, स्कूटरवर क्लासला मीच सोडायचो) फळाला आली. ग्रूप १७४. म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून तीनशेपैकी. मेडिकलला तेवढंच बघतात. तपासणाऱ्याचा हात आखडलेला दिसतो.
धाकटी कुसुमलता त्याच्याच जुन्या पुस्तकांवर परीक्षेला बसली होती. २८१.

१६ जून
‘डॉ. रतिलाल इंदरचंद’, पितळी पाटी सांगून आलो. पुढे घाई नको.

८ जुलै
धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात मेरिट लिस्ट लागली. खालून वर वाचत गेलो. रती नाही. पार वर कुसुम. आनंद झाला. जागा घरात आली, आता फक्त नावाची दुरुस्ती. कापडाच्या दुकानात आपण एकाची जमा दुसऱ्याच्या खात्यावर फिरवतोच.
बायको सूरजबाई म्हणते, पोरीला विचारा. म्हटलं, विचारायचं काय, भाऊच आहे ना तिचा.

१५ जुलै
उद्या इंटरव्ह्यू. कुसुमने केस धुतले, सर्टिफिकेटं लावून ठेवली. म्हटलं, एस.टी.त दमशील, मी आणि रती जाऊन येतो. तर म्हणते, "बाबूजी, त्यांना मी लागेन."
पोरीला व्यवहार कळत नाही.

१६ जुलै, धुळे
क्लार्क हसला. "शेठ, मार्कशीट म्हणजे रेशन कार्ड नव्हे, घरातल्या कुणीही धान्य उचलायला. मुलगी कुठंय?"
सांगितलं, घरी, पापड लाटतेय. पाचपर्यंत आणा म्हणाला, नाहीतर वेटिंगवरचं नाव घेऊ. सकाळचे अकराच झाले होते. फोनचा बूथ समोरच होता. पण रतीला भूक लागली. थाळी चांगली होती, श्रीखंड दोनदा घेतलं. उठेपर्यंत दोन वाजले. म्हटलं, आता काय उपयोग.

१७ जुलै
कुसुमला समजावलं, २८१ कुठे जात नाहीत, स्थळ बघताना सांगू. पापडाचं पीठ कुटत होती. कुटतच राहिली. म्हणजे पटलं.

२९ जुलै
रतीला गल्ल्यावर बसवलं. तात्पुरतं. पाटीवाला म्हणतो, ‘डॉ.’ घासून काढलं तर पितळ पातळ होईल.

२ ऑगस्ट
धरणगावचा झुलालभाऊ, आपलं जुनं गिऱ्हाईक, पेढे घेऊन दुकानात आला. त्याची पोरगी वेटिंगला पहिली होती. चारचौघांत माझ्या पाया पडला. "शेठ, तुमनी पोरनी जागा मनी पोरले भेटनी. तुमनं मन मोठं शे."
मी पण नाही म्हटलं नाही.
पोरीच्या एप्रनला पांढरं कापड हवं होतं त्याला. रतीने दोनदा मापलं, दोनदा वेगळं आलं. शेवटी घरातून कुसुमला बोलावलं. तिने मापलं, कात्रीने काठाला चीर दिली आणि एका दमात सरळ फाडून, घडी घालून त्याच्या हातात ठेवलं. पेढा घेतला नाही.
हात चांगला आहे पोरीचा. लग्न ठरेपर्यंत दुकानात बसवावं म्हणतो.