फोनच्या आधी

३ मार्च
करमाळ्याहून सकाळच्या एस.टी.नं सोलापुरात आले. नोकरी पक्की! सात रस्ता चौकाजवळ एका खाजगी रुग्णवाहिका सेवेचं ऑफिस आहे. फोन आला की सर्व्हर जवळची गाडी शोधून ड्रायव्हरच्या मोबाइलवर पत्ता पाठवतो. त्याला फार वेळ लागतो, तो कमी करायचं काम माझं. ऑफिसचे मालक बसवेशसर मोकळे वाटले. गच्चीवर खोलीही मिळाली. मालकीण चंद्रव्वा काकू खाली एकट्याच राहतात. पिशव्या ठेवायच्या आत ताट वाढलं. “ऊट माडु, वैष्णवी. आधी जेव. लई वाळलीस की गं.”

७ मार्च
दिवसभर सर्व्हरवर खोटे कॉल सोडते आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजते. गर्दी वाढली की बिचारा गुदमरतो. आज एक अडथळा सापडला. तो काढल्यावर उत्तरं अशी भराभर आली, की सरांनी सगळ्यांना चहा पाजला.

११ मार्च
चाचणी बंद असताना एक उत्तर आलं. मोहोळ, हायवेचं वळण, पुरुष एक. असा कॉल मी सोडलाच नव्हता. जुनं काही अडकलं असेल म्हणून पुसून टाकलं. दुपारी त्याच वळणावरून खरा फोन आला. मोटारसायकलवाला पडला होता.


१३ मार्च
सर्व्हरची आणि फोनची घड्याळं तपासली. बरोबर आहेत. आजही उत्तर आधी, फोन नंतर. मी सरांना म्हटलं, हे बंद करू या. ते ऐकेनात. गाडी आधीच पोचली तर माणसं वाचतील, म्हणाले. आता ही उत्तरंही थेट ड्रायव्हरकडे जाणार.

१४ मार्च
अक्कलकोट रस्ता. आपला ड्रायव्हर बिरदेव आधीच पोचला, गाडी कडेला लावून थांबला. तिथं कोणीच नव्हतं. मग वळणावरून एक सायकलवाला आला आणि उभ्या गाडीवरच आदळला. जागीच गेला.
बिरदेव फोनवर रडत होता. “म्याडम, मी गाडी हितं लावली नसती तर ह्यो जगला असता की.”


१५ मार्च
सरांना न विचारता सर्व्हरची वायर उपटली. पण उपटता उपटता शेवटचं उत्तर स्क्रीनवर आलं—
आमची गल्ली. काकूंचं घर. महिला एक. गाडी रवाना.

१५ मार्च, घरी
रिक्षानं आले. काकू ठणठणीत. गच्चीवर मिरच्या वाळत घालतायत. खाली जाऊन बसा म्हटलं तर हसल्या. उलट माझ्याच कपाळाला हात लावून बघितला.
महिला एक. आम्ही दोघी—
हात थांबला तर ओरडेन, म्हणून लिहितेय.

बिरदेवला फोन लागला. मागं फिर म्हटलं. तुमच्या घराचा पत्ता बघून धावत आलो म्हणाला. गल्लीत शिरलाय—

सायरन.

काकू कठड्याकडे गेल्या. माझ्या खोलीच्या दारातून दिसतायत. वाकून त्याला विचारतायत, “कुणाला काय झालं रं?”
कठडा हलतोय. मी हाक मारली तर दचकतील. नाही मारली तर—
अजून वाकल्या—
काकू, मागं—