ताईच्या अनंताचं ऑपरेशन

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांनी परवानगी दिली तेवढाच वाकलो आहे, उरलेला मनातून वाकलो असं समज.) तुझी कंबर, तुझा नवा चष्मा आणि तुझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये रोज पहाटे काहीतरी कुटणारी ती बाई, या तिघांची खुशाली कळव. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. माझ्या उजव्या तळहाताला फोड आले आहेत आणि हिच्या आवाजाला काहीही झालेलं नाही.

तू घर विकून गेलीस त्याला आठ महिने झाले. जाताना घराची किल्ली नव्या मालकांना दिलीस आणि मला एक चिठ्ठी. ती चिठ्ठी माझ्या पाकिटात अजून आहे. "मागच्या दारातून बाहेर आलं की उजव्या हाताला अनंत आहे, ह्यांनी लावलेला. नवे लोक अंगणात फरशी घालणार आहेत. जमलं तर तुझ्याकडे ने. जगला तर बघायला येईन. नाही जगला तर कळवू नकोस." एवढंच. त्यानंतर आठ महिन्यांत तू इकडे एकदाही फिरकली नाहीस. फोनवर विचारलं की म्हणतेस, आता तिकडे माझं राहिलंय काय! (मी राहिलोय. पण ते असो.) तेव्हा भावोजींचं झाड जगवलं तरच तू येणार हे मी पक्कं ओळखलं होतं आणि तिथेच माझी पंचाईत होती, कारण माझ्या हातून आजवर फक्त पडदे वाढले आहेत, तेही गिऱ्हाईकाने माप चुकीचं दिलं म्हणून.

अडीच महिन्यांपूर्वी नव्या मालकांचा फोन आला की सोमवारी फरशीवाले येणार, झाड न्यायचं तर रविवारी न्या. मी म्हटलं, जातो, खणतो, आणतो, लावतो, दुपारच्या जेवणाला घरी. हे मी दुर्दैवाने मोठ्याने म्हटलं. तुझ्या भावजयीने एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली आहेत. तिला रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण ही गोष्ट तिला अजून कोणी नीट समजावून सांगितलेली नाही. तिने हातातली भाजी खाली ठेवली आणि विचारलं, पेशंटची तयारी काय केलीत? मी म्हटलं, पेशंट कोण? त्या क्षणापासून ही केस तिच्या हातात गेली.

शनिवारी सकाळी खुरपी उकळली. (ज्या पातेल्यात उकळली त्याची चौकशी करू नकोस, आम्ही त्यातलाच चहा पितो.) दुपारी ही स्वतः तुझ्या जुन्या घरी गेली असती, पण पाय मुरगळला होता म्हणून फोनवरून नव्या मालकांना हुकूम गेला की मागच्या अंगणातल्या सगळ्या झाडांना आज भरपूर पाणी पाजा, उद्या एकाला हलवायचंय. ते बिचारे घाबरून "हो सिस्टर" म्हणाले. माझ्याकडे मुळांभोवतीचा मातीचा गोळा गुंडाळायला गोणपाट आणायचं काम होतं. आता तूच सांग, चाळीस वर्षं पडद्यांच्या दुकानात काढलेला माणूस भावोजींच्या झाडाला गोणपाट घालेल का? मी जाड कापडाची पिशवी शिवली. आतून अस्तर, वरून नाडी, चारी बाजूंना उचलायला कडी, आणि कडेला थोडी पायपिंगची किनार, कारण उरली होती. हिने पिशवी उलटसुलट करून पाहिली आणि झाडाला लग्नाला न्यायचंय का, एवढंच विचारलं.

रविवारी हिच्या पायाला पट्टी बांधून, टेम्पो घेऊन आम्ही पोचलो, तर पुढच्या फाटकात फरश्यांचे गठ्ठे रचलेले. म्हणून मागच्या बोळातल्या फाटकाने आत शिरलो. तुझं अंगण बघून मला कसंसंच झालं. दोऱ्या काढलेल्या, धुण्याचा दगड भिंतीला टेकवून उभा केलेला. दोन झुडपं तेवढी होती, एक इकडे, एक तिकडे, दोन्ही हिरवीगार, फूल एकावरही नाही. हिने थिएटरचा नियम काढला. आधी पेशंटची ओळख पटवायची. कुठली बाजू? मी चिठ्ठी वाचून म्हटलं, उजवी. हाच ना? हाच. नक्की? नक्की. तीनदा विचारलं, तीनदा सांगितलं, मग हिने खडूने बुंध्यावर फुली मारली. एकतीस वर्षांत आमच्याकडे एकदाही चुकीची बाजू उघडली गेली नाही, हे तिने टेम्पोवाल्यालाही सांगितलं. त्याने का कोण जाणे, हात जोडले.

खणायला तीन तास लागले. मी भोवती गोल चर खणला, मग खालून मुळं सोडवली, तोवर माझी कंबर आणि तुझी कंबर यांच्यात काही फरक उरला नाही. पण गोळा अखंड निघाला, ताई! एक ढेकूळ सुटलं नाही. माझ्या पिशवीत असा बसला की टेम्पोवाला म्हणाला, "काका, सोफ्याचं कव्हर पण शिवून द्याल का?" कौतुक हे असं परक्यांकडून येतं. मग झाड टेम्पोत, मी झाडाला धरून मागे, आणि ही पुढे बसून दर खड्ड्याला टेम्पोवाल्याला "हळू, मुळं आहेत" असं बजावत घरी आली.

घरी खड्डा तयार होता. झाड पूर्वी जितकं खोल होतं तितकंच खोल लावलं, फांद्या छाटल्या, माती ओढली, पाणी घातलं आणि मी हात झटकले. तेवढ्यात ही म्हणाली, "थांबा. मोजणी राहिली." थिएटरमध्ये म्हणे टाके घालायच्या आधी प्रत्येक हत्यार मोजतात, म्हणजे कोणाच्या पोटात कात्री राहत नाही. आमची यादी सकाळीच केलेली होती. कुदळ एक, खुरपी दोन, कात्री एक, बादली एक, पाण्याचा मग एक, दोरीची गुंडाळी एक, माझा मापाचा टेप एक. सगळं ओळीने मांडलं. टेप नाही. मी म्हटलं, अगं असेल कुठेतरी. ती म्हणाली, कुठेतरी म्हणजे आत. मोजणी जुळत नसेल तर पेशंट परत उघडायचा, हा नियम आहे. मी हात टेकले. झाड पुन्हा काढलं. पायपिंगची पिशवी पुन्हा चढवली. खड्डा चाळणीने चाळला. टेप नाही. आमची आरडाओरड चालू असताना टेम्पोवाला चहा संपवून कप ठेवायला आला आणि सहज म्हणाला, "काका, ते गळ्यात काय आहे?" चाळीस वर्षं टेप गळ्यातच असतो, ताई. तो मला आता दिसत नाही, जसा तुला तुझा चष्मा.

झाड परत लावलं. पुन्हा मोजणी. या वेळी खुरपी तीन निघाली. मी आनंदाने म्हटलं, एक जास्त आलं, फायदाच झाला. हिचा चेहरा असा झाला की मी मुकाट्याने कुदळ उचलायला वाकलो. (वस्तू जास्त निघणं हे कमी निघण्यापेक्षा गंभीर असतं, म्हणे. म्हणजे दुसऱ्याच कोणाच्या पोटातली आली.) नशीब, नव्या मालकांचा फोन आला की तुम्ही आमचं खुरपं नेलंत का हो. माझा जीव भांड्यात पडला आणि पेशंट जमिनीतच राहिला.

पुढचे दिवस वाईट गेले. चौथ्या दिवशी पानं गळायला लागली. हिने वहीत तक्ता आखला. पाणी किती मग, पानं किती गळली, दुपारचं ऊन किती. कुंपणाला पाटी लावली, भेटण्याची वेळ संध्याकाळी पाच ते सहा. मी वरून आमच्या हॉलचा पडदा सावलीसाठी बांधला, आता हॉलमध्ये ऊन येतं आणि झाडाला येत नाही. नवव्या दिवशी सत्तावीस पानं गळली आणि मला जेवण गेलं नाही. ही झोपली की दुपारी मी भेटण्याच्या वेळेबाहेर झाडाजवळ जाऊन बसायचो. काय बोलणार? भावोजींबद्दल बोलायचो. ते मला स्कूटर शिकवताना स्वतःच कसे पडले, ते वगैरे. तुला सांगतो, मला फार भीती वाटत होती. झाड गेलं असतं तर मी कळवलं नसतं आणि तू आली नसतीस, आणि दोघंही फोनवर हवापाण्याबद्दल बोलत राहिलो असतो.

तेविसाव्या दिवशी बुंध्याजवळ कोंब आला. बाजरीच्या दाण्याएवढा. हिने भिंग आणून पाहिला, वहीत लिहिला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. (कांदा चिरत होते म्हणाली. घरात कांदा नव्हता.) आता झाड कमरेएवढं पसरलंय, आणि गेल्या मंगळवारी फूल आलं. पांढरंशुभ्र, दुहेरी पाकळ्यांचं. तेव्हा ऑपरेशन यशस्वी झालं आहे आणि शब्द दिल्याप्रमाणे तू निघून ये. हिचा नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. फुलाला वास नाही. मी दोनदा नाक लावलं, आधी सर्दी समजलो, पण मला सर्दी नाही.

ता. क. दोन. काल चिठ्ठी पुन्हा वाचली. दारातून बाहेर आलं की उजवा हात. आम्ही बोळातून आत गेलो होतो, म्हणजे तोंड दाराकडे, म्हणजे उजवा हात दुसऱ्याच बाजूचा. ताई, मी तगर आणली. दोन महिने मी भावोजींच्या गोष्टी तगरीला सांगितल्या. खऱ्या अनंतावर आता फरशी असेल, माझी नव्या मालकांना फोन करायची हिंमत होत नाही. मला माफ कर. आणि पाया पडतो, हिला यातलं काही कळू देऊ नकोस. एकतीस वर्षांत एकदाही चुकीची बाजू झाली नव्हती, ती माझ्यामुळे झाली हे तिला सहन होणार नाही. विचारलंच तर माती बदलल्यामुळे अनंताचा वास जातो असं ठामपणे सांग. एवढ्यासाठीच खरं तर पत्र लिहिलं.

ता. क. तीन, माझ्या, म्हणजे तुमच्या भावजयीच्या हातचा. ताई, सा. नमस्कार. पाकीट उघडं दिसलं म्हणून वाचलं. त्या रविवारी मोजणीच्या वेळी कात्री पुसायला घेतली तर पात्याला पांढरा चीक लागलेला. अनंताला चीक नसतो, तगरीला असतो. मी बोलणारच होते, पण हे तिकडे मातीत बसून झाडाला सांगत होते की घाबरू नकोस, ताई येणार आहे. मग माझ्याच्याने बोलवलं नाही. आत जाऊन नव्या मालकांना फोन केला की दुसऱ्या झाडाभोवती दोन हात जागा सोडा, नाहीतर मी स्वतः येते. त्यांनी सोडली आहे. परवा त्यांची बायको म्हणाली, वास पार बोळापर्यंत येतो. पुढच्या रविवारी सकाळी सातला त्याला आणायचं ठरवलंय. ह्यांना काही माहीत नाही, पिशवी मात्र धुऊन ठेवलीय. पेशंटची ओळख पटवायला या वेळी घरचं माणूस समोर लागेल आणि ह्यांच्यावर माझा विश्वास नाही. तुम्ही शनिवारच्या गाडीने या. तिकीट मी काढलंय, सोबत जोडलंय, ते फक्त येण्याचं आहे.