पहिल्या किकचा धूर

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चार महिने पत्र नाही, त्याबद्दल माफ कर. कामाचा व्याप होता असं लिहिता आलं असतं, पण ते खरं नाही. आधी राग होता, मग लाज वाटायला लागली.

दादाकडे सगळे जमलो होतो, तेव्हाचं तुझ्या कानावर आलंच असेल. निघताना मी बाबांच्या मागे राहिलेल्या मोटारसायकलला किक मारली आणि निळा धूर थेट पाहुण्यांच्या अंगावर गेला. दादाने, गॅरेजवाल्याच्या थाटात, टाकीवर थाप मारून जाहीर केलं की पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअर गेला, इंजिन संपलं. मी म्हटलं, गाडी रात्रभर उभी राहिली की पहिल्या किकलाच धूर येतो आणि अर्ध्या मिनिटात थांबतो. रिंगा गेल्या असत्या तर पळताना आला असता. वॉल्व्हच्या दांड्यांवरच्या रबरी टोप्या, म्हणजे सील, कडक झालेत. रात्री तेल तिथून आत झिरपतं. त्यावर तो म्हणाला, तुला कॉलेजात धाडलं ते पुस्तकं चाळायला, पान्याचं काम पानेवाल्यांना करू दे. सगळे हसले. वहिनी तर हातातला ट्रे खाली ठेवून हसली.

मी तिथेच पैज लावली. सील मीच बदलीन, तेही घरी बनवलेल्या हत्यारांनी. फेब्रुवारी संपेपर्यंत पहिल्या किकला धूर थांबला नाही, तर गाडी ने आणि सुट्या भागांसाठी खोल. त्याने लगेच हात पुढे केला. जरा जास्तच लगेच.

मोडक्या पलंगाच्या पायाचा वीतभर पाइप कापला. बाबांनी याच कामासाठी केलेल्या पाइपाला होती तशी त्याला कानशीने खिडकी पाडली. कपडे वाळत घालायची दोरी प्लगच्या भोकातून आत सरकवली आणि पिस्टन वर आणला, म्हणजे वॉल्व्ह खाली पडत नाही. मग पाइपाने स्प्रिंग दाबून, तिला धरून ठेवणारी लॉक खिडकीतून काढायची. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, एका वॉल्व्हला दोन, दोन वॉल्व्हना चार. उडू नयेत म्हणून बाबांसारखंच सगळीकडे ग्रीस फासलं होतं.

चारांपैकी तीनच हाती लागली. खाली इंजिनात उतरणाऱ्या साखळीच्या पोकळीत मी फडकं कोंबलं होतं, पण नीट कोंबलं होतं का? आता खात्री देता येत नाही. दोन आठवडे शोधून शेवटी दादाकडे माणूस धाडला, एखादं जुनं लॉक असेल तर दे म्हणून. चिठ्ठी आली: "ते इंजिनात पडलं. सगळं खोलावं लागेल, तुला जमायचं नाही. टेम्पो पाठवतो." टेम्पो मी परत पाठवला.

मला नुसती गाडी वाचवायची नाही, आत्या, त्याला हरवायचं आहे. हे लिहून झाल्यावर वाईट वाटेल म्हणून थोडा वेळ थांबले. वाटलं नाही.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी भाची

८ फेब्रुवारी

चि. शंकेखोर भाचीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि चहा गार झाला. आता मी सांगते ते नीट वाच, आणि वाचताना बस.

तुझ्या बाबाचंही एकदा एक लॉक असंच नाहीसं झालं होतं. बिचाऱ्याने अख्खं इंजिन चादरीवर मांडलं, दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. शेवटी ते सापडलं त्याच्याच पाइपाच्या आत, ग्रीसमध्ये चिकटलेलं. तुम्हा बापलेकीला ग्रीस फासायला आवडतं ना! ते कुणी शोधलं माहीत आहे? पाइपात बोट घालून, तुझ्या दादाने. वीस वर्षांचा होता. बाबा इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि हे बाहेर कुणाला सांगायचं नाही असं त्याने आम्हा दोघांना बजावलं.

म्हणजे ती चिठ्ठी लिहिताना तुझ्या भावाला सगळं माहीत होतं. आता बस म्हटलं ते कळलं?

मीही तुमच्या घराच्या उंबऱ्यावर बसून इंजिन पाहिलंय. मला शिकव म्हटलं तर तुझा बाबा म्हणाला होता, हात काळे होतील. तेव्हा तुझ्या रागात माझाही धर. एक मात्र कर, किक मारून दाखवायच्या आदल्या संध्याकाळी गाडी त्याच्याच गॅरेजात उभी कर आणि किल्ली त्यालाच दे. नाहीतर म्हणेल, घरून तापवून आणली.

आशीर्वाद नेहमीचेच. राग विझू देऊ नकोस.
तुझी आत्या

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाइपात पेन्सिलीने फडकं ढकललं. स्टीलच्या वाटीत टण्‌ करून लॉक पडलं. मी जमिनीवरच बसून राहिले.

जुने सील पकडीने ओढले तर सालीसारखे तुटले. नव्यांना तेल लावून ते पेनाच्या नळीने दाबले, टप्प आवाज येईपर्यंत. लॉक बसवली, दोरी ओढून घेतली, सगळं तीनदा मोजलं. मनात एकच चाललं होतं: पंचवीस वर्षं झाली, दादा विसरला असेल तर? त्याला विचारलं असतं तर विसरलो म्हणाला असता. म्हणून विचारलं नाही.

काल संध्याकाळी गाडी ढकलत त्याच्या दारात नेली, किल्ली त्याला दिली. आज सकाळी गेले तेव्हा पाच गिऱ्हाइकं उभी होती. सायलेन्सरच्या तोंडाला पांढरा रुमाल बांधला आणि किक मारली. रुमाल फुगला. पांढराच राहिला. दादाने वाकून वास घेतला, स्वतः दोनदा ॲक्सिलरेटर पिळला. काही नाही. मग हात पुसत त्याने एवढंच विचारलं, "लॉक कुठे सापडलं?"

मी म्हटलं, "बाबांचं सापडलं होतं तिथेच."

त्याने मान खाली घातली. विसरला नव्हता, आत्या. मी पर्समधून त्याची चिठ्ठी काढली, उलगडून त्याच्या हातात दिली आणि गिऱ्हाइकांना वाचून दाखव म्हटलं. त्याने वाचली नाही, घडी करून खिशात घातली. पाचही जण बघत होते. मी अगदी सावकाश हेल्मेट घातलं. इतकं सावकाश घालायची गरज होती का, हे रात्री वहीत लिहीन. आत्ता तरी वाटतं, होती.

दुपारी त्याचा माणूस दारात. तसलीच एक गाडी सील बदलायला आली आहे, आणि बाबांचा पाइप दादाने गॅरेज नवं केलं तेव्हा भंगारात घातला होता. माझा मिळेल का? दादा काय म्हणाला ते शब्दाला शब्द सांग, असं मी त्याला म्हटलं. तो बिचारा चाचरत म्हणाला की जरा नीट माग, असं सांगितलंय. परवा ये म्हटलं. देणार आहे. माफ केलं म्हणून नाही.

रुमाल सोबत पाठवते. कोपऱ्यात काजळीचा एक ठिपका आहे, तो लपवत नाही, तेलाचा नाही. तुझा लोभ आणि तुझा राग, दोन्ही पुरले.
तुझी भाची

ता. क. उद्याचं काम: पाइपावर माझं नाव कोरणे, दाबताना अंगठा टेकतो त्याच जागी.