उतारावरचे दोन उंबरे

आदरणीय आबा,

जयभीम.

गेलेल्या माणसाला पत्र लिहितात का, मला माहीत नाही. पण रविवारी सकाळी शंकर गवंडी चुन्याची फक्की घेऊन प्लॉटवर येणार आहे. जमिनीवर त्या पांढऱ्या रेघा पडल्या की लगेच पाया खणायला सुरुवात. आणि त्या रेघा तुम्ही सांगितलेल्या जागी पडणार नाहीत. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून लिहितो आहे.

सांगलीतल्या दुकानात बसलोय. हळदीच्या एका अडत्याच्या पाटीवर रंगाचा पहिला हात दिलाय, तो वाळतो आहे. पाटीवर अक्षर चुकलं तर पुसून पुन्हा रंगवता येतं. पाया चुकला तर काय पुसायचं, आबा?

तुम्हाला आठवतं? प्लॉट घेतला तेव्हा वस्तीतले सगळे बघायला आले होते. रस्त्याकडची बाजू अरुंद, आणि मागे सगळा उतार, थेट ओढ्यापर्यंत. जयवंतकाका म्हणाले, "आवं आबा, हितं घर बांधायचं का जिना?" तुम्ही लगेच म्हणालात, "जिनाच बांधतो की! चढायलाच घेतलाय." किती हसलो होतो आपण!

पण मला कारण ठाऊक होतं. आपलं जुनं घर गावाच्या खालच्या अंगाला. वरच्या आळ्यांचं सगळं सांडपाणी आपल्या दारावरून जायचं. कामावर जायच्या आधी तुम्ही फावडं घेऊन ते उंबऱ्यापासून लांब काढून द्यायचात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तुम्ही कुणाला शिवी दिली नाहीत, पण दाराकडे तोंड करून कधी जेवायला बसला नाहीत.

प्लॉटवर उभे राहून तुम्ही म्हणालात, "आता आपल्या वर फकस्त रस्ता. कुणाचं पाणी न्हाई." मग दादाला आणि मला समोर उभं करून सांगितलंत, "पुढं थोरला, मागं धाकटा. जोतं एकच. एकाचं पाणी दुसऱ्याच्या दारातनं गेलं, तर ते माझं घर न्हवं." दादाने मान हलवली. मीही हलवली. मग तुम्ही दोरीने लांबी घेतलीत, रुंदी घेतलीत. आबा, उतार का नाही घेतलात?

तो आम्ही आत्ता घेतला. गवंडी लांब पारदर्शक नळीत पाणी भरतो. एक टोक इथे, एक तिथे, आणि दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला उभं राहतं. दादाने रस्त्याजवळ टोक धरलं. मी मागच्या घराच्या जागी बांबूला नळी बांधून उभा राहिलो. पाणी कुठे थांबलं सांगू? माझ्या डोक्याच्याही वर! म्हणजे जोतं एक ठेवायचं, तर माझ्या घराखाली तेवढा भराव.

शंकर गवंडी म्हणाला, "एवढा मुरूम टाकायचा म्हंजे घराखाली आनखी एक घर पुरल्यागत हाय."

शेजारच्या गुरुजींनी असाच भराव घातला. तुम्ही गेल्यानंतरची गोष्ट, त्यामुळे तुम्ही पाहिलं नाही. भराव बसला, फरशी खचली आणि मागच्या भिंतीला हात जाईल एवढी चीर पडली. गुरुजींनी तिच्यावर कॅलेंडर टांगलंय. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी गेलो की चहा घ्यायच्या आधी भिंतींचे कोपरे बघतो.

गवंड्याचं म्हणणं, दोन टप्प्यांत बांधा. दादा वर, मी खाली. दादा भडकला. "म्हंजे माझ्या न्हाणीचं पानी ह्याच्या दारातनं? आबा असतं तर कानाखाली काढली असती दोघांच्या!"

"मग मी खाली येतो," असं तोच पुढे म्हणाला. मी म्हणालो, थोरल्याने खाली का म्हणून जायचं? तो म्हणाला, तू तरी का जायचं? भर रस्त्यात आमचं हे भांडण! वहिनी कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "भाऊजी, दोगं बी खाली जावा. वर मी एकटी ऱ्हाते."

त्यानंतर मी दुकानातल्या जुन्या पत्र्यावर खडूने रेघा मारत होतो, पुसत होतो. शेवटी एक सुचलं. प्लॉट पुढे-मागे वाटायचाच नाही. रस्त्यापासून ओढ्याकडे उभा चिरायचा. दोघांचे उंबरे रस्त्यालगत, शेजारी शेजारी, एका रेषेत. आत खोल्या उताराबरोबर पायरी-पायरीने खाली जातील. दोन्ही न्हाण्या आणि मोऱ्या सगळ्यात खाली. दादाचं पाणी दादाच्या कडेने जाईल, माझं माझ्या. भरावही फारसा नाही.

पण मग मधे भिंत येते, आबा. वरपासून खालपर्यंत.

मागच्या रविवारी पत्रा प्लॉटवर नेऊन दादाला दाखवलं. त्याने मधल्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "आडवी वाटणी नको म्हनून उभी करतोस व्हय रं? लोक म्हनतील, बाप गेला आन् पोरांनी भिंत घातली." न जेवताच, कारखान्यात कामावर परत जायला, फलटणच्या गाडीत बसला. वहिनी मागून पिशवी घेऊन धावल्या.

मी काय चुकीचं बोललो होतो का? तुम्हीच सांगा. पाणी नको, भराव नको आणि भिंतही नको, असं घर कुठे असतं?

आई तिथेच दगडावर बसली होती. म्हणाली, "मला इचारलं का कुनी, मी कुटं ऱ्हायची ते? भिंतीला दार ठेवा. का नातू घ्याया मी भिंतीवरनं उडी मारू?"

मी म्हणालो, दार ठेवू. तुझी खोली वर, रस्त्यालगत. गुडघ्यांना त्रास नको.

"आन् न्हाणी खाली! रोज अंगूळीला जिना उतरू व्हय? माझी खोली खालीच काढ. न्हाणीच्या एक पायरी वर. दार बी तितंच ठेव, दोन्हीकडं जायाला."

आबा, ती सहज बोलून गेली. जन्म खालच्या अंगाला काढला तिने. तुम्ही चढ घेतलात तो तिला वर आणायला, आणि मी तिला पुन्हा सगळ्यात खालची खोली देतोय! मी तसं बोलून दाखवलं, तर माझ्यावरच खेकसली. "खाली हाय म्हनून कवा रडले मी? दुसऱ्याचा घाण वास भाकरीला यायचा, तवा रडायचे. आता न्हाणी बी माझ्याच पोरांची, आन् ती बी माझ्या खोलीखाली. गप बस."

काल एसटीडी बूथवरून दादाला कारखान्यात फोन लावला. आईचं सगळं सांगितलं. पलीकडे यंत्रांचा आवाज होता. त्यातूनच तो ओरडून म्हणाला, "दार किती रुंद ठेवतोयस?"

"बाज तिरकी न करता जाईल एवढं."

"बरं. रविवारी येतो. दोरी मी धरतो, फक्की तू मार. तुझी रेघ सरळ असती." आणि फोन ठेवला. मी बूथमध्येच उभा होतो, बाहेरचा माणूस काचेवर टकटक करायला लागला तरी.

म्हणजे दादा तयार, आई तयार. वहिनी म्हणाल्या, "एकदाचं काय ते बांधा." राहिलात तुम्ही. तुमचा शब्द मोडतोय का मी, का पाळतोय? दिवसातून किती वेळा उलटसुलट वाटतं. जोतं एक नाही, पुढे-मागे नाही. तुम्ही असता तर ती नळी तुमच्या हातात दिली असती. तुम्ही स्वतः पाणी बघितलं असतं आणि मला रागावला असता तरी चाललं असतं.

एवढं मात्र वचन देतो. खाली फरशी बसवायच्या आधी दोन्ही न्हाण्यांत मी स्वतः बादली ओतीन. पाण्याबरोबर चालत ओढ्यापर्यंत जाईन. आईच्या उंबऱ्याकडे थेंब जरी वळला, तरी शंकर गवंडी कितीही चिडो, तेवढं खणून पुन्हा करायला लावीन. ते करायला चुकणार नाही, आबा.

तुमचा धाकटा,
मिलिंद