सांडोरचा सरू

९ फेब्रुवारी
सुरू नव्हे, सरू! कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहातल्या जुन्या नोंदी संगणकावर चढवताना आज हा कागद हाती आला. चिकटवलेली वाळकी फांदी, खाली झुकलेली, अजून निळसर. कोपऱ्यात शाईने — सरू. सांडोर, वसई, १९८४. जुलियाना परेरा.

सरू म्हणजे थंड डोंगरातलं सायप्रस; या दुर्मिळ जातीच्या बाकी सगळ्या नोंदी हिमालयातल्या! आमच्या विभागाच्या रीमामॅडम म्हणाल्या, "किनाऱ्यावरचं सुरू असेल गं. उकार राहिला असेल." पण फांदीला उकार कुठे असतो?

१० फेब्रुवारी
आई : "नायगावहून सांडोर काय लांब आहे? जाऊन बघ की."

१५ फेब्रुवारी, रविवार
सापडलं!!

ज्याला विचारावं तो समुद्राकडे बोट दाखवी. शेवटी केळीच्या वाडीत एका आजींना फांदीचा फोटो दाखवला. ग्रेसीमावशी. फोटो बघून हातातलं काम टाकलं. मला मागे घेऊन गेल्या. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या गोड्या तळ्याच्या पाण्यावर वाकलेलं उंच झाड, हुबेहूब तेच. खाऱ्या हवेत जगलं कसं?

"जुलियाना माझी धाकटी बहीण. कॉलेजच्या सहलीला दार्जिलिंगला गेली, तिथून रोप आणलं. पुढे झाडांचंच शिकायला डेहराडूनला जाते म्हणाली. बाबांनी घराबाहेर काढलं. मेली असेल कुठेतरी." मग झाडाकडे बघत — "पानी मीच घालते, बाय."

रस्ताभर झाड कमी, मावशीच जास्त आठवत होत्या.

१७ फेब्रुवारी
सहज दुसऱ्या संग्रहांत जुलियाना परेरा शोधलं. चकराता, चंबा, तवांग... पानंच्या पानं! शेवटची नोंद गेल्या पावसाळ्यातली. म्हणजे बाई जिवंत आहे!

मावशींना आधी सांगू की आधी खात्री करू? डेहराडूनच्या संस्थेला फोन केला. निरोप ठेवला.

१९ फेब्रुवारी
खुद्द जुलियानाबाईंचाच फोन आला. झाड आहे म्हटल्यावर आधी हसल्या. "मरायला हवं होतं ते!" पानांचा रंग विचारला, खोडाचा घेर विचारला. मग ग्रेसीमावशींनी सांगितलेलं सगळं मी सांगितलं.

"बाबांनी काढलं म्हणाली? बाबा तर स्टेशनपर्यंत सोडायला आले होते. परत पाऊल टाकू नकोस असं म्हणाली ती ग्रेसी. येईन मी. पण तिने स्वतः बोलावलं तर."

आता मी काय करू?

२० फेब्रुवारी
सांडोरला जाऊन जसंच्या तसं सांगितलं. मावशींनी एक शब्दही नाकारला नाही. ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "नंबर लाव."