रांगकापचा कालवा दोघांच्या नावे

मी, डेहेन रांगकाप, राहणार तुंबांग लुवुक, काहायान नदीकाठ, आज पुरत्या शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर नाही असे धाकटी बहीण रुसमी लहानपणापासून म्हणते. ते ग्राह्य धरू नये.

एक. खांबांवरचे घर आणि रबराची झाडे मुलगा यान्सन यास. छप्पर गळते, तेही त्याचेच.

दोन. मी कालव्यात घातलेल्या बांधावरची सरकारी पाटी. साहेबांनी फीत कापली, फोटो काढले, दलदलीत माळरानावरची रोपे लावली आणि आमची कोंबडी खाऊन गेले. रोपे कुजली. पाटी मात्र बांधापेक्षा मोठी व दणकट आहे. ती रुसमीच्या बदकांच्या खुराड्यावर घालावी.

तीन. वडिलांनी हाताने खणलेला कालवा. त्यातून पाणी वाहून गेले, पालापाचोळ्याची काळी माती वाळली आणि दर उन्हाळ्यात जमिनीच्या पोटातून धुमसू लागली. माझी बायको त्या धुरातच गेली. मग मी ओंडके ठोकून कालव्यात बांध घातला आणि पाणी अडवले. तेव्हापासून आमच्याकडे आग नाही. मासे परतले, धनेशही ओरडतात.

आता यान्सनला कालवा रुंद करून पामतेलाच्या कंपनीचे मालवाहू पडाव आणायचे आहेत. रुसमीला बांधात होडीपुरती खिंड हवी. खिंडीतून पाणीही जाईल, हे दोघांनाही सांगून दमलो. नाताळच्या जेवणात यान्सन म्हणाला, “आत्या, तुझ्या होडीसाठी मी कंपनी घालवू होय?”

“आण ना पडाव,” रुसमी म्हणाली, “मग मासे तुझ्या टकलावर पाळते.”

त्यानंतर दोघे एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात, मी समोर नसलो तर मांजरामार्फत.

म्हणून कालवा व बांध दोघांना समाईक देत आहे. दोघांनी एका टेबलाशी बसून सही केल्याशिवाय एकही ओंडका काढू नये. अट वाचून दाखवताच दोघे लगेच कबूल झाले. दुसऱ्याला अडवता येईल, एवढेच प्रत्येकाने ऐकले.

पुढेमागे त्यांचा समेट झालाच, तर मला वरून आनंदच होईल. तोवर त्या मातीत पुष्कळ पाणी मुरलेले असेल.

हे माझ्या हातचे, माझ्या सहीचे.
डेहेन रांगकाप

आमच्यादेखत सही झाली:
तिलुंग बाहेन, चर्चचे वडील
सुरिया लामपांग, दुकानदार

तुंबांग लुवुक, ९ मे २०२३