अंगठा घेतलात, पण सांगितलं नाहीत

लबाड शालनबाई,

"प्रिय लिहू का?" असं कविताने विचारलं. म्हटलं, तू 'लबाड' लिही. बाईंना राग आला तर येऊन खोडतील.

तुम्ही कसल्या विसराळू! चष्मा डोक्यावर आणि शोध साऱ्या वर्गात. एकदा तर एका पायात तुमची आणि एका पायात माझी चप्पल घालून शाळेत गेलात, आणि पोरं हसली तेव्हा तुम्हाला कळलं. तिकडे गेल्यावर आम्ही कसले आठवणार! म्हणून आधी ओळख सांगते. मी पारूबाई. पाथर्डीकडच्या तुमच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेमागचं घर माझं. मधल्या सुट्टीत ज्या ओट्यावर बसून तुम्ही कोरा चहा प्यायचात, तो ओटा माझा. अक्षर मला येत नाही, म्हणून मी सांगते आणि नात लिहिते. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. शिकवण तुमचीच!

तुम्ही गेल्याची बातमी महिन्यापूर्वी आली. बेलापूरला, बहिणीच्या घरी, झोपेतच गेलात म्हणे. मी दोन दिवस रडले. हे लिही गं, वगळू नको. तेव्हाच पत्र लिहिलं असतं तर गोड लिहिलं असतं. पण परवा जे वाचलं गेलं, त्यानंतर गोड शब्द तोंडाशी येत नाही.

कविता तिसरीत असताना तुम्ही ती नवीच हजेरी काढली होती, आठवते? नाव घेतलं की पोरांनी "हजर बाई" म्हणायचं नाही, मनातलं हवामान सांगायचं. कुणी म्हणे ऊन, कुणी वारा, कुणी आभाळ. रडावंसं वाटत असलं तर पाऊस. तुम्ही ते वहीत मांडायचात, आणि ज्याचं आभाळ चार दिवस हटत नाही त्याला सुट्टीत जवळ घेऊन बसायचात.

मी तुम्हाला किती छळलं त्यावरून! "बाई, ही शाळा हाय का वेधशाळा? मला बी सांगा की पावसाचं, मटकी पेरायची हाय!"

तुम्ही हसायचात. "मावशी, जे लेकरू आतून कुढतंय, त्याला पाढे कसे पाठ होतील?"

मला ते पटलं होतं. तोंडाने कबूल केलं नाही, एवढंच. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. माझा पोरगा आणि सूनही कोल्हारकडे जायची, ती थेट उन्हाळ्यात परत. मागे राहिलेल्या लेकरांना, बाबा तुझं कसं चाललंय, असं कोण विचारणार होतं? तुम्ही विचारलंत. म्हणून तर तुमच्यावर जीव होता!

मग सहामाहीचं प्रगतीपुस्तक घेऊन तुम्ही स्वतः ओट्यावर आलात. गुणांच्या खाली तुम्ही हाताने चार ओळी लिहायचात, पोराच्या मनाबद्दलच्या. तशा दुसऱ्या कुठल्या मास्तराने लिहिल्या नाहीत. तुम्ही मला वाचून दाखवलंत, "मुलगी गुणी आहे. समजूतदार आहे."

मी फुगले. म्हटलं, "समजूतदारपणा माझ्याकडनं आलाय, बुटकेपणा तेवढा सुनंकडनं." तुम्ही शाईचं पॅड पुढे केलंत आणि पालकाच्या सहीच्या जागी मी अंगठा टेकवला. वार्षिकलाही तसंच. तेच गुणी, तेच समजूतदार, तोच अंगठा.

कविता आता नववीत आहे. परवा तुमची आठवण निघाली, तर तिने पेटीतून ती पुस्तकं काढली. म्हटलं, "वाच गं ते समजूतदारचं." तिने खाली मान घालून वाचलं:

"कविता रोज आभाळ सांगते. आई-वडिलांच्या आठवणीने रडली की आजी चारचौघांत थट्टा करते. त्यामुळे तिने रडणे आणि बोलणे दोन्ही सोडले आहे. आजीशी बोलायला हवे."

खाली माझा अंगठा.

"चेष्टा करू नगं," मी म्हटलं, "नीट वाच."

"आजी, हेच लिवलंय."

आणि वार्षिकचं? "आजीशी सविस्तर बोलले. त्यांनी समजून घेतले." त्याच्याही खाली माझाच अंगठा. साक्षीला!

बाई, कधी बोललात हो माझ्याशी? कुठल्या दिवशी? का वरच्या साहेबाला वही पुरी दाखवायची होती? माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पिऊन, माझ्या तोंडावर एक वाचलंत आणि कागदावर दुसरंच ठेवलंत. मला अक्षर कळत नाही हे तुमच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

थट्टा मी करत होते, हे खरं आहे. आई-बापाचा ट्रक गेला की ही उंबऱ्यावर बसून रडायची, आणि मी बायांना हाक द्यायची, "टँकर आला गं, हंडे लावा!" साऱ्या हसायच्या. मला वाटायचं, हीही हसेल. माझाही पोरगा त्याच ट्रकमधून गेलेला असायचा, बाई. मी हसले नसते तर चूल पेटवायला उठले नसते. पण आठ वर्षांच्या पोरीला ते कसं कळावं? तिला एवढंच कळलं की आपण रडलो की गाव हसतं. मग ती रडायची थांबली, आणि मी म्हटलं, बघा, शहाणी झाली!

हे सगळं तुम्हाला माहीत होतं. एक शब्द टाकला असतात तर मी दोन दिवस तुमच्याशी भांडले असते, तिसऱ्या दिवशी तोंड आवरलं असतं.

आणि खरा घाव तर पुढेच आहे. कविता म्हणाली, "बाई मला बोलल्या हुत्या, मी आजीला सांगते म्हनून. नंतर म्हनाल्या, सांगितलंय. त्याच सांजंला माझं डोळं भरलं, तर तू पुन्यांदा टँकर म्हनलीस. मला वाटलं, तुला समदं ठावं हाय, तरी बी तू हसतीस."

सहा वर्षं, शालनबाई! सहा वर्षं ही पोर माझ्या कुशीला झोपली ती हे मनात धरून. मी विचारायची, "काय गं, कसं चाललंय?" तर म्हणायची, "बरं हाय." मी समजायची, खरंच बरं आहे.

का केलंत असं? खूप डोकं फोडलं. शाळेला पाणी मिळेना तेव्हा सरपंचाला चावडीवर उभं करून सुनावणाऱ्या तुम्ही, आणि एका म्हातारीच्या जिभेला भ्यालात? ओट्यावरची बैठक मोडेल असं वाटलं? पोरांना रोज सांगायचात, मनातलं बोला, घाबरू नका. तुमची वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत? तुमच्या त्या हजेरीत तुमचं स्वतःचं नाव का नव्हतं हो?

पत्र लिहायला बस म्हटलं तेव्हा कविता म्हणाली, "ह्यातलं माझं बी मीच लिहू?"

"तूच लिही," म्हटलं. "मी कायी गाळलं तर तुला जागेवर कळंल."

आत्ता ती लिहिता लिहिता थांबली आहे. डोळे भरलेत. आणि शालनबाई, मी काही म्हणाले नाही! जीभ दाताखाली धरून बसले. दात दोनच आहेत, तरी धरली. मग पदर माझाच ओढून तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "हं, फुडं सांग." हेही लिही म्हटलं. लिहिलं तिने.

तुम्हाला माफ केलं असं लिहवत नाही. अजून तरी नाही. पण एक शब्द देते. ही बोलायला लागली की मी मध्ये तोंड घालणार नाही, तिचं पुरतं होईपर्यंत. पुरतं कधी झालं, ते ती ठरवेल. आणि धाकट्या नातवाचं पुस्तक आलं की नव्या मास्तरांना सांगेन, जे लिहिलंय तेच वाचा, आणि कडू असेल ते आधी वाचा. तोवर अंगठा पदराखाली.

तुमच्यावर रुसलेली, तरी तुमचीच,
पारूबाई
(लिहिणार: कविता)

ता. क. तुमच्या बहिणीच्या स्वप्नात जाऊन एक काम सांगा. तुमची बातमी घेऊन आलेला त्यांचा माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा इकडे येणार आहे, त्याच्याबरोबर हुलग्याची शेंगोळी पाठवायची म्हणावं. पेढे-बिढे नकोत. लसूण भरपूर, रस्सा पातळ. मला तिखट झणझणीत लागतं, पण कविताला विचारलं, ती म्हणते बेताचं. तर बेताचंच पाठवा.